‘जेव्हा माणूस जागा होतो’ : गोदावरी परुळेकर यांच्या कथनातील शिक्षणविचार – एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक वारली आदिवासींच्या १९४५ च्या उठावाचे दस्तऐवजी कथन म्हणून मराठी वाचकाला परिचित आहे. स्वातंत्र्यलढ्यातील सत्याग्रही, साक्षरता मोहिमेच्या संघटक आणि किसान सभेच्या नेत्या अशा तीन भूमिका या लेखिकेच्या जीवनात एकामागून एक आल्या. यांपैकी तिसऱ्या भूमिकेच्या प्रकाशातच पुस्तकाचे वाचन आजवर प्रामुख्याने झाले. प्रस्तुत लेखात ते शिक्षणविषयक ग्रंथ म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्याच वर्षी, त्याच भूभागात सुरू झालेल्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणकार्याशी त्याची तुलना करून दोन्ही विचारांची सामर्थ्ये आणि मर्यादा तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : वारली उठाव, वेठबिगार, लोकशिक्षण, आत्मकथन, बालवाडी, पालघर जिल्हा.

१. प्रस्तावना :

मराठीतील चळवळींच्या साहित्याकडे पाहण्याची एक ठरावीक रीत आहे. त्यातील माहिती इतिहासकाराने घ्यावी, भावना कार्यकर्त्याने घ्यावी आणि समीक्षकाने ‘वाङ्मयीन मूल्य मर्यादित’ असा शेरा मारून पुढे जावे, अशी ती रीत होय. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामुळे ते दुर्लक्षित राहिले असे म्हणता येत नाही. मात्र त्याचा गौरव झाला तोही एका संघर्षाची हकिगत म्हणून. ज्या लेखिकेने सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच्या काळात प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली होती, तिने निरक्षर माणसाच्या जागे होण्याविषयी लिहिलेले हे पुस्तक आहे, ही गोष्ट त्या गौरवात बाजूला पडली.

पालघर जिल्ह्यातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या दक्षिण टोकाला वसईच्या खाडीलगतचे नायगाव आणि उत्तरेला गुजरातच्या सीमेवरील तलासरी ही एकाच जिल्ह्याची दोन टोके आहेत. नायगाव स्थानकावरून जाणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग डहाणू रोड आणि घोलवडपर्यंत पोहोचतो. एका टोकाला महानगराच्या विस्ताराने व्यापलेली वस्ती आणि दुसऱ्या टोकाला वारल्यांचे पाडे, असे या जिल्ह्याचे चित्र आहे. या दोन टोकांमधील अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही, हे या पुस्तकाच्या वाचनातून नव्याने जाणवते.

२. लेखिकेची वैचारिक जडणघडण :

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी झाला. पुण्यातील सुशिक्षित, प्रतिष्ठित वकिलाच्या घरात त्या वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन त्यांनी पदवी मिळवली आणि नंतर कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. पुढे त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. १९३७-३८ या काळात महाराष्ट्रात प्रौढ साक्षरतेची मोहीम त्यांनी संघटित केली. १९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० पासून त्यांना पुन्हा कारावास भोगावा लागला.

या जीवनक्रमातील भारत सेवक समाजाचा टप्पा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात या संस्थेची स्थापना केली. गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय मवाळ होते. स्थानिक संस्थांची इच्छा असेल, सरकारची पूर्वपरवानगी असेल आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच गाठले गेले असेल, तेथेच सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती करता यावी, असे त्यात म्हटले होते. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांबरोबर जमीनदार वर्गाच्या काही प्रतिनिधींनीही त्यास विरोध केला. शेतमजुराचे मूल शाळेत गेले, तर शेतावर राबायचे कोणी, हा त्या विरोधामागील एक हिशेब होता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात मांडली होती. रयतेच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या घामातून तो येतो ते अक्षरांपासून वंचित राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिक्षण आणि श्रमाची मालकी यांचा संबंध फुल्यांनी उघड केला होता. गोखल्यांच्या विधेयकाच्या पराभवाने तो सिद्ध झाला. गोदावरीबाई गोखल्यांच्या संस्थेत घडल्या, तरी डहाणूच्या जंगलात त्यांना जे शिकायला मिळाले ते फुल्यांच्या निष्कर्षाशी अधिक जुळणारे होते. सेवेकडून संघर्षाकडे झालेला त्यांचा हा प्रवास पुस्तकाच्या पार्श्वभूमीला सतत आहे.

३. शीर्षकाचे सूचन :

पुस्तकाच्या नावात ‘वारली’ नाही, ‘आदिवासी’ नाही, ‘उठाव’ही नाही. ‘माणूस’ हा शब्द आहे. ज्या व्यवस्थेचे वर्णन पुस्तकात येते, तिने नेमके हेच पद वारल्याला नाकारले होते. त्यामुळे हा साधा शब्द येथे एक दावा बनतो.

‘जागा होतो’ हे क्रियापद अकर्मक आहे. ‘जागा केला’ असे लेखिका म्हणत नाही. जागे करणाऱ्याचा उल्लेख शीर्षकात नाही, कारण जागे होणे ही ज्याची त्याने करावयाची क्रिया आहे. शिक्षणविचाराच्या दृष्टीने हा व्याकरणिक तपशील महत्त्वाचा आहे. शिकवणारा शिकवतो, पण शिकतो तो विद्यार्थीच. ‘जेव्हा’ या अव्ययाने वाक्य सुरू होते. मात्र त्याला अपेक्षित असलेला ‘तेव्हा’ येत नाही. माणूस जागा झाल्यावर काय होते, याचे उत्तर संपूर्ण पुस्तकाने द्यावयाचे आहे. ते पुस्तकातही पूर्ण होत नाही, हे पुढे पाहावयाचे आहे.

४. १९४५ : घटना आणि कथन :

वारली हे मूळचे या जंगलपट्टीतील जमीन कसणारे लोक. एकोणिसाव्या शतकात जमिनीची मालकी क्रमाने सावकार, व्यापारी व जमीनदार यांच्याकडे गेली आणि वारली आपल्याच भूमीवर कुळे व वेठबिगार बनले. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यावयाचे आणि त्याच्या फेडीसाठी नवरा-बायकोने आयुष्यभर मालकाकडे राबायचे, अशी प्रथा होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मालकाच्या वहीत लिहिलेला आकडा त्याला वाचता येत नसे, त्यामुळे कर्ज कधी फिटले हे ठरवण्याचा अधिकारही मालकाकडेच राही. ब्रिटिश सनदी अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांताच्या आदिवासी भागांविषयी सादर केलेल्या अहवालात या गुलामगिरीची नोंद आहे. याचा अर्थ सरकारला ती ठाऊक होती. जे ठाऊक होते ते बदलले नाही, यातच माहिती आणि जागृती यांतील भेद दिसतो.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे गेले होते. त्यांपैकी माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून आपल्या लोकांची स्थिती सांगितली. त्यानंतर परुळेकर दांपत्याने या भागात काम सुरू केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० आदिवासींची परिषद झाली. वेठ करावयाची नाही, मजुरी घेतल्याशिवाय मालकाच्या शेतावर काम करावयाचे नाही, असे निर्णय तेथे झाले. थोड्याच काळात वेठीची आणि लग्नगड्यांची प्रथा या पट्ट्यात मोडून पडली. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मिळावेत ही मागणी होती. या संपाच्या काळात, १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावरही दडपशाही थांबली नाही आणि परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

या घटनांचे कथन लेखिकेने प्रथमपुरुषी केले असले, तरी ते रूढ अर्थाने आत्मचरित्र नाही. पुण्यातील बालपण, घरातील मतभेद, वैवाहिक जीवन, तुरुंगातील दिवस यांना येथे मध्यवर्ती स्थान नाही. ‘मी’ आहे तो साक्षीदार म्हणून आणि शिकणारी म्हणून. घटना १९४५ ची, तर पुस्तक १९७० चे. मधल्या पंचवीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, कूळकायदे झाले, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन होऊन राज्य स्थापन झाले, कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये दुभंगला आणि १९६५ मध्ये शामरावांचे निधन झाले. एवढ्या अंतरावरून लिहूनही निवेदनात हळहळ वा स्वगौरव यांचा पसारा नाही. निवेदनाचा हा संयम विषयातूनच आलेला आहे. क्रौर्य पुरेसे स्पष्ट असते, तेव्हा विशेषणांची गरज उरत नाही.

५. शिक्षणग्रंथ म्हणून वाचन :

साक्षरता मोहिमेत कार्यकर्ती शिकवते आणि निरक्षर माणूस शिकतो. अक्षरे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये या क्रमाची उलटापालट झालेली दिसते. पाड्यांवर पायी फिरणे, वारल्यांच्या झोपडीत राहणे, त्यांचेच अन्न खाणे आणि त्यांची बोली समजून घेणे ही लेखिकेची पहिली शाळा होती. कायद्याची पदवी असलेल्या स्त्रीला येथे भाषेपासून प्रारंभ करावा लागला. भीतीने मुका झालेला माणूस अनोळखी शहरी व्यक्तीशी बोलत नाही. त्याचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे, तर अनुभवातून आलेली सावधगिरी आहे, हे समजणे हा तिचा पहिला धडा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षणाचा विषय. झरीच्या परिषदेनंतर वारली जे शिकले, ते ‘नाही’ म्हणणे होते. वेठीला नकार देणारा एकटा माणूस मार खातो; गाव नकार देते तेव्हा मालकाला विचार करावा लागतो. हा सामुदायिकतेचा धडा पुस्तकी नव्हता. मजुरीचा दर ठरवताना गवताचे वजन, दिवसांचा हिशेब, रुपये-आणे यांचा उलगडा होणे भाग होते. म्हणजे अंकगणितही येथे आले, मात्र ते संपाच्या गरजेतून आले. अक्षरओळखीने मुक्ती मिळते असे नव्हे, तर मुक्तीची हालचाल सुरू झाली की अक्षरांची गरज निर्माण होते, असा क्रम या कथनातून सूचित होतो.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांच्या ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७० सालीच प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला रिकामे भांडे मानून त्यात माहिती साठवणाऱ्या शिक्षणाला फ्रेअरींनी बँकेतील ठेवींची उपमा दिली आणि त्याऐवजी संवादातून, स्वतःच्या परिस्थितीच्या आकलनातून घडणारे शिक्षण पुढे मांडले. त्याच वर्षी मराठीत आलेल्या या पुस्तकात सिद्धांताची परिभाषा नाही. पण दडपलेल्या माणसाने आपल्या जगाचे नाव उच्चारणे ही शिक्षणाची सुरुवात होय, हा अनुभव त्यात आहे. महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्राच्या वर्गात फ्रेअरी शिकवले जातात. गोदावरीबाईंचे पुस्तक मात्र त्या यादीत क्वचितच दिसते. परिसरातील अनुभवाला सिद्धांताचा मान न देण्याची ही सवय तपासून पाहण्याजोगी आहे.

६. दुसरी वाट : बोर्डी आणि कोसबाद :

ज्या १९४५ साली झरीची परिषद झाली, त्याच वर्षी तेथून काही कोसांवरील बोर्डी येथे ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत घडलेल्या ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला होता. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून परिसरातील पाने, शंख-शिंपले, माती, बिया यांतून शैक्षणिक साहित्य घडवणे हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होते. अनुताई वाघ (१९१०-१९९२) या बोर्डीत त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर हलवण्यात आले. अनुताईंनी आपले आत्मकथन ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या नावाने लिहिले.

या कार्यातील शिक्षणशास्त्रीय कल्पकता असामान्य आहे. दलित वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आली. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवावी, यातून ‘विकासवाडी’ उभी राहिली. मुलगा गुरे राखायला जातो, तर शिक्षकाने कुरणात जावे, यातून ‘कुरणशाळा’ निघाली. तिन्ही उपक्रमांत सूत्र एकच आहे. मूल शाळेत का येत नाही, असे न विचारता शाळा मुलापर्यंत का पोहोचत नाही, असे येथे विचारले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

दोन्ही पुस्तकांची शीर्षके शेजारी ठेवली असता दोन दृष्टी दिसतात. एकीत टेकडीवरून दिसणारा परिसर आहे. तेथे संस्था आहे, स्थैर्य आहे, मायेची नजर आहे. दुसरीत माणसाच्या आत घडणारी घटना आहे. कोसबादच्या कार्याचा केंद्रबिंदू मूल हा आहे, जमिनीची मालकी हा नाही. गुरे राखणाऱ्या मुलाकडे शिक्षक गेला, हे थोरच. पण ती गुरे कोणाची आणि त्या मुलाच्या बापाची मजुरी किती, हा प्रश्न कुरणशाळेच्या कक्षेबाहेर राहतो. उलट झरीच्या परिषदेने मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आणला, तरी त्या गर्दीतील मुलाच्या दुसऱ्या दिवशीच्या शिकण्याची तजवीज तिच्याजवळ नव्हती. ताराबाई काँग्रेसच्या वतीने मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या आणि त्याच पक्षाच्या राजवटीत गोदावरीबाई हद्दपार झाल्या. राजकीयदृष्ट्या या दोन वाटा परस्परविरोधी होत्या. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्या एकमेकींच्या अपुरेपणाकडे बोट दाखवतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा पुढील इतिहासात आहे. परुळेकर दांपत्याच्या प्रेरणेने तलासरीत आदिवासी प्रगती मंडळ ही शिक्षणसंस्था उभी राहिली आणि गोदावरीबाईंच्या नावाचे महाविद्यालय आज तेथे आहे. जिने शाळेच्या आधी संप आवश्यक मानला, तिलाही संपानंतर शाळा लागली. शीर्षकातील न लिहिलेल्या ‘तेव्हा’चे हे एक उत्तर म्हणता येईल. ते पुस्तकाच्या पानांबाहेर मिळाले.

७. कथनाच्या मर्यादा :

पुस्तकाविषयीच्या आदराने त्याच्या मर्यादा झाकल्या जाऊ नयेत. पहिली मर्यादा ‘जागा होतो’ या रूपकातच आहे. जागे होण्यापूर्वी माणूस झोपलेला होता, असे त्यात गृहीत आहे. परंतु अन्याय सहन करणारा माणूस झोपलेला असतोच असे नाही. टिटवाळ्याला गेलेले वारली बोलावण्याआधीच आपले दुःख ओळखून होते. अन्यथा ते तेथपर्यंत गेले नसते. माह्या धांगडा यांचे भाषण लाल झेंडा त्यांच्या गावात येण्यापूर्वीचे आहे. शीर्षकातील अकर्मक क्रियापदाने वारल्याला कर्तेपण दिले, तरी ‘जाग’ मोजण्याचे माप मात्र संघटनेच्या हाती राहते.

दुसरी मर्यादा भाषेची. कथन प्रमाण मराठीत आहे आणि वारल्यांचे जग त्या भाषेतून गाळून वाचकापर्यंत येते. लेखिकेने वारली बोली आत्मसात केली, हे तिचे श्रेय. पण निवेदनाची सूत्रे तिच्याच हाती राहणे अपरिहार्य होते. १९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ साली आला. आदिवासींच्या दुःखाविषयी इतरांनीच किती काळ बोलावे, हा प्रश्न या पिढीने परखडपणे विचारला. तो प्रश्न ‘जेव्हा माणूस जागा होतो’लाही लागू होतो. मात्र एक फरक नोंदवला पाहिजे. या पुस्तकातील ‘मी’ वारल्यांच्या वतीने दयेची याचना करत नाही. लढ्यात त्यांच्या शेजारी उभे राहून पाहिलेले ती सांगते.

तिसरी मर्यादा पक्षनिष्ठेची. संघटनेचे निर्णय, त्यांतील चुका, कार्यकर्ता आणि आदिवासी यांच्यातील मतभेद यांची चिकित्सा कथनात अपेक्षेइतकी होत नाही. शिक्षणविचाराच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. कारण शिक्षकाने स्वतःच्या चुकांची नोंद ठेवणे हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असतो. गोदावरीबाई वारल्यांकडून काय शिकल्या हे पुस्तक सांगते. पक्ष त्यांच्याकडून काय शिकला, हे तितके स्पष्ट होत नाही.

८. आजच्या संदर्भात :

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांचे विधेयक फेटाळल्याला तेव्हा ९८ वर्षे लोटली होती. कायद्याने दोन्ही प्रश्न निकालात निघाले असे मानण्याचा मोह होतो. परंतु जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की कामासाठी स्थलांतर करतात. त्यांतील अनेक वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर येतात. हंगामाची उचल आधी घ्यावयाची आणि सहकुटुंब राबून ती फेडावयाची, ही पद्धत लग्नगड्याच्या कर्जाची आठवण करून देते. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव राहते आणि मूल भट्टीवर असते.

वसई तालुक्यात १९८० च्या दशकापासून विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना यांनी वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले आणि वीटभट्टीवरील मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या खोपटाला ‘भोंगा’ म्हणतात. या नावातच दोन परंपरांचा संगम आहे. शाळा मुलाच्या दाराशी नेण्याची कोसबादची रीत आणि मजुराच्या मुक्तीचा झरीचा आग्रह येथे एकत्र आले. एकाच प्रश्नाची दोन अर्धी उत्तरे जोडल्याशिवाय तो सुटत नाही, हे या अनुभवाने दाखवले.

९. निष्कर्ष :

१) ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे केवळ उठावाचे कथन नसून लोकशिक्षणाच्या प्रक्रियेचे मराठीतील एक महत्त्वाचे दस्तऐवजी लेखन आहे. त्याचे स्थान चळवळीच्या साहित्याबरोबर शिक्षणशास्त्राच्या अभ्यासातही असावयास हवे.

२) साक्षरता मोहिमेपासून वारली पाड्यापर्यंतचा लेखिकेचा प्रवास शिक्षणाच्या संकल्पनेतील बदल दर्शवतो. शिकवणारी शिकणारी बनते, हा या कथनाचा गाभा आहे.

३) अक्षरज्ञानाने दास्य आपोआप संपत नाही, त्याचप्रमाणे दास्य संपल्याने शिक्षणाची सोय आपोआप होत नाही. झरी आणि बोर्डी येथे १९४५ साली सुरू झालेले दोन प्रयत्न हे परस्परांना पर्याय नसून पूरक ठरतात.

४) जागृतीचे रूपक, प्रमाण भाषेतील निवेदन आणि पक्षाच्या आत्मपरीक्षणाचा अभाव या कथनाच्या मर्यादा आहेत. नंतरच्या आदिवासी लेखनाच्या उजेडात त्यांची चिकित्सा झाली पाहिजे.

५) स्थलांतरित आदिवासी मजुरांच्या मुलांचा प्रश्न शिल्लक असेपर्यंत हे पुस्तक इतिहासजमा होत नाही.

गोदावरीबाईंचे निधन ८ ऑक्टोबर १९९६ रोजी झाले. तलवाड्याच्या गोळीबाराला त्यानंतर दोनच दिवसांनी एक्कावन्न वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या पुस्तकाच्या नावातील वाक्य आजही अपुरेच आहे. दर हंगामात जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे येणाऱ्या मुलाला स्वतःचे नाव लिहिता येईल आणि त्याच्या आईबापांना उचलीच्या वहीतील आकडा वाचता येईल, तोवर ते पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.